आपले घर असताना

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचा उन्हाळा त्याच्या स्वतःच्या ताब्यात नसतो. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की इंदुरातल्या आमच्या घरी फोन वाजू लागतात. पुण्याचे दीर-जाऊबाई, नागपूरची नणंद, ग्वाल्हेरचे चुलत सासरे अशी मंडळी एकामागून एक आपापल्या तारखा कळवतात आणि प्रत्येक जण फोन ठेवताना “आमच्यासाठी मुद्दाम काही करू नका हं” असे बजावतो. या वाक्यावर विश्वास ठेवून खरोखरच काही केले नाही, तर त्याची चर्चा पुढच्या लग्नकार्यापर्यंत पुरते, हे सासूबाईंनी मला फार पूर्वीच सांगून ठेवले होते.

यंदा तर तारखा अशा एकमेकींवर चढल्या की पुण्याची मंडळी स्टेशनावर निघाली आणि त्यांच्या उशांचे अभ्रे बदलून होण्याच्या आत नागपूरकर दारात उभे राहिले. घरात मोठा कूलर एकच असल्याने त्याच्या समोरच्या जागेचे वाटप वय, मान आणि गुडघेदुखी या क्रमाने करावे लागते. दुपारी पारा चाळिशीच्या वर गेला की “तुमच्याकडे फारच बाई ऊन” असे पाहुणे म्हणतात. ते ऊन जणू आम्हीच मागवलेले असते. उत्तर देण्याची घाई मी करीत नाही. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी असते, आणि सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी जी जुनी वाखाणणी आहे, ती गच्चीवर गाद्या पडल्या की पाहुण्यांना आपोआप पटते. पहाटे दुपारचाच तक्रारखोर पाहुणा पायाशी चादर चाचपताना दिसतो.

गाव दाखवण्याचे खाते आमच्या यजमानांकडे आहे. राजवाड्याचे सात मजले, १९८४ मध्ये लागलेली आग, मग झालेली पुनर्बांधणी हे सारे ते दर वेळी त्याच उत्साहाने सांगतात. मात्र २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय यादीत इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिल्याने हल्ली पाहुण्यांचे लक्ष राजवाड्यापेक्षा रस्त्याकडे अधिक असते. एका भाच्याने कागदाचा एखादा तरी कपटा शोधून काढण्याचा चंग बांधला होता. तो शेवटी आमच्याच गाडीच्या मागच्या सीटखाली सापडला.

खरी कसोटी सराफ्यात लागते. रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. वर्दळ असली की दुकानांची राखणही होते, म्हणून सराफांनीच या गाड्यांना आसरा दिला, असे जुनी माणसे सांगतात. तिथली साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी तुपात परतलेली नसते. वाफेवर मोकळा शिजलेला साबुदाणा मोठ्या पातेल्यात वाट पाहत असतो. विक्रेता त्यातला थोडा बाजूला काढून त्यावर मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालतो, वरून फराळी चिवडा पेरतो, सगळे दोन-चारदा उलथेपालथे करतो आणि द्रोण हातात देतो. उपवास नसताना आणि तेही मध्यरात्री साबुदाणा खाण्याचा माझ्या नणंदेला आधी मोठा संकोच वाटला, कारण तिच्या लेखी साबुदाण्याला तिथीचा आधार लागतो. दुसरा द्रोण मात्र तिने पंचांगाची आठवणही न काढता मागवला.

शेवटचा पाहुणा गाडीत बसला तेव्हा, जिथे आम्हाला कोणाचे करायचे नाही आणि आमचेही कोणी करणार नाही अशा एखाद्या गावी शनिवार-रविवार घालवावा, अशी इच्छा मी बोलून दाखवली. यजमानांनी बडोदे सुचवले. रात्री गाडीत बसले की उज्जैन, रतलाम, दाहोद, गोधरा करीत सकाळी तिथे पोहोचता येते. अडचण एवढीच होती की बडोद्याला दांडिया बाजारात यजमानांच्या आत्या राहतात, आणि नातेवाईक असलेल्या गावी हॉटेलात उतरणे म्हणजे आपल्या समाजात भांडण झाल्याचा जाहीर पुरावाच. मला ते पटत नाही. उन्हाळाभर जिने स्वतः अभ्रे बदलले आहेत, तिने पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला आपल्यासाठी तेच करायला लावणे, यात कसला आला जिव्हाळा? रविवारी संध्याकाळी भेटून यायचे आणि तोवर काही कळवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

बडोद्यातला शनिवार फार सुखाचा गेला. सयाजीराव महाराजांचा १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास पाहिला आणि कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसमोर मनसोक्त उभी राहिले. कमाटीबागेतल्या संग्रहालयात महीच्या मुखाकडे वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याखाली उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहिले, आणि “चला, पाने वाढली आहेत” असे कोणी म्हणाले नाही. कोणाचीही सून नसताना गाव किती सावकाश पाहता येते, हे मला त्या दिवशी कळले.

रविवारी दुपारी खोलीतला फोन वाजला. “आपल्याला भेटायला एक बा आल्या आहेत,” असे खालचा मुलगा अदबीने म्हणाला. बातमी कशी फुटली ते अजून उघडकीस आलेले नाही. खाली सोफ्यावर आत्या बसल्या होत्या आणि मांडीवर स्टीलचा चार खणांचा डबा होता.

“आपले घर असताना!” एवढेच त्या म्हणाल्या. मग लगेच, “ते भांडण नंतर करू. आधी जेवून घ्या, नाहीतर रस आंबेल.”

वर आल्यावर त्यांनी उशी दाबून पाहिली, न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, भाडे विचारले आणि तेवढ्या पैशांत केसर आंब्याच्या किती पेट्या येतील याचा हिशेब मोठ्याने केला. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, तळलेल्या कुरडया आणि सुंठेची चिमूट घातलेला रस होता. आम्ही जेवत असताना त्या पलंगावर जरा टेकल्या, एसीचा वारा अंगावर आला आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. तास-दीड तास त्या गाढ झोपल्या. उठल्यावर केस सारखे करून मी हात लावण्याआधीच त्यांनी फोन उचलला आणि खालच्या मुलाला अस्सल बडोदी गुजरातीत तीन चहा सांगितले, आले जरा जास्त घालून.

निघताना त्यांनी यजमानांना दारापाशी थांबवून हळूच विचारले, “दिवाळीनंतर मी आणि धाकट्या वन्सं इंदूरला येऊ म्हणतो. तुमच्या सराफ्याजवळ असे एखादे बरे हॉटेल आहे का रे?”

यजमानांचा चेहरा जो पडला तो रतलामपर्यंत वर आला नाही. मी मात्र परत आल्या आल्या दोन-तीन ठिकाणचे दर विचारून ठेवले आहेत.