उसाच्या फडात एक जुना शिकारी

ऊसतोडणीच्या हंगामात वन विभागाकडून पशुवैद्यकाला येणारे फोन बहुधा एकाच बातमीने सुरू होतात: फडात बिबट्याची पिल्ले सापडली आहेत. प्रत्यक्षात जाऊन पाहावे तर त्यातली कित्येक पिल्ले रानमांजराची निघतात. बिबट्याच्या पिल्लाची शेपटी लांब असते आणि अंगावर दाट काळे ठिपके असतात. रानमांजराच्या पिल्लाची शेपटी आखूड असते, तिच्यावर वलये असतात आणि अंगावरचे पुसट पट्टे वयाबरोबर विरत जातात. एवढा फरक मोबाइलवरच्या छायाचित्रातही दिसतो, पण छायाचित्र गावभर फिरते ते बिबट्याचे म्हणूनच.

मी इंदापूर तालुक्यात पशुसंवर्धन खात्यात काम करते. माझा दिवस गाई-म्हशींच्या गर्भतपासणीत, लसीकरणात आणि अडलेल्या विण्यांमध्ये जातो. वन्यप्राणी हे माझे मूळ काम नव्हे, परंतु तालुक्याच्या ठिकाणी वन विभागाला बोलावण्यासारखा दुसरा पशुवैद्यक नसतो. जानेवारीतल्या त्या दिवशी आलेला फोनही बिबट्याचाच होता. मी पोहोचले तेव्हा तीन पिल्ले शेतमालकाच्या घरी, फडापासून बरीच दूर, एका टोपलीत पोत्यावर ठेवलेली होती. डोळे उघडलेले, बुबुळांवर अजून निळसर झाक, वय साधारण तीन आठवडे. पोटे गाईच्या दुधाने टम्म फुगलेली आणि अंगे थंडगार.

दुधाबद्दल मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तेच घडते. थंड पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावलेली असते. त्याला आधी ऊब द्यायची असते आणि अंग कोमट झाल्याखेरीज तोंडात काहीही घालायचे नसते. गाईचे दूध मांजरकुळातल्या पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवातले पाणी काही तासांत निघून जाते. लोक हे क्रौर्याने करत नाहीत, मायेने करतात, म्हणून त्यांना रागावताही येत नाही. परंतु ज्या गावात वासराला चीक किती आणि कधी पाजायचा हे प्रत्येक बाईला ठाऊक असते, त्या गावात वन्य पिल्लाला काही न पाजणे हाच उपचार आहे हे पटवणे इतके अवघड का जावे, हे मला उमगत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या दोन्ही बाजूंना लावल्या, ओल्या कापसाने पुसून लघवी करवली, सलाइनची अगदी थोडी मात्रा कातडीखाली दिली. दुपारपर्यंत तिन्ही पिल्ले ओरडू लागली. ओरडणे ही आमच्या कामात शुभवार्ता असते.

खरी अडचण पुढे होती. अशी पिल्ले वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ती सापडलेल्या जागीच संध्याकाळी ठेवून आईची वाट पाहणे. आई जागा लगेच सोडत नाही. ती अंधारात परतते, शोधते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. त्यासाठी जागा नेमकी माहीत असावी लागते. इथे फड मोकळा झाला होता, ऊस गाडीत भरून कारखान्याकडे गेला होता, टोळी दुसऱ्या गावच्या फडात कोयते चालवत होती आणि अर्ध्या रानातले पाचट पेटवून दिलेले होते. मुकादमाला फोनवर विचारले तर त्याने बांधापासून सातव्या सरीचा हवाला दिला, मालकाच्या मुलाने रानाचे दुसरे टोक दाखवले. वनरक्षक तरुण आणि कामाचा माणूस आहे. त्याने सुचवले की पिल्लांचा क्रेट रस्त्यालगतच्या बांधावर ठेवू, म्हणजे लक्ष ठेवता येईल. तेव्हा शेतमालकाचे वयस्कर चुलते म्हणाले की पूर्वी कोंबड्या जाऊ लागल्या की आम्ही नंदीवाल्यांच्या आजोबांना बोलावत असू, रानमांजराचा माग त्यांच्याइतका कोणाला लागत नाही, अजून ते आहेत.

तिरुमल नंदीवाले आंध्राकडून आलेले, आणि इंदापूरजवळचे वडापुरी हे त्यांच्या एकत्र जमण्याचे ठिकाण. सजवलेला नंदी घेऊन दारोदार फिरणारे एवढीच त्यांची ओळख बाहेरच्यांना असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस याच भागातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धती अभ्यासल्या होत्या. एकाच मुलुखात फिरणाऱ्या या तीन जमातींनी जणू शिकार वाटून घेतली होती: फासेपारध्यांचे फासे काळविटासाठी आणि पाखरांसाठी, वैदूंचे सापळे मुंगूस-उदमांजरासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांसाठी, आणि नंदीवाल्यांची कुत्री रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्यामागे. फासेपारधी गाभण मादी फाशात सापडली तर सोडून देत, अशीही नोंद त्यांनी केली आहे. रानमांजर खरे तर नंदीवाल्यांच्या वाटणीचे नव्हते. आजोबांनी नंतर सांगितले की शेतकरी बोलावत, कोंबडी किंवा धान्य देत, म्हणून त्यांच्या वडिलांनी एक जोडी कुत्री खास त्यासाठी तयार केली होती.

आजोबा आले ते एका वयस्क, तांबूस, सडपातळ कुत्रीला दोरीला धरून. कारवानी, म्हणजे धावून शिकार करणाऱ्या जातीचे, रक्त तिच्या लांब पायांत आणि आत ओढलेल्या पोटात दिसत होते, पण डोके गावठी होते. तिला त्यांनी आल्या आल्या बाभळीला बांधले आणि स्वतः एकटे रानात शिरले. जळालेल्या भागाकडे त्यांनी पाहिलेही नाही. न जळालेल्या पाचटाच्या कडेने ते वाकून चालत होते, मधूनच पाचट हाताने न उचलता काठीने बाजूला सारत होते. पाण्याच्या पाटाशी आल्यावर थांबले आणि मला हाक मारली. पाटाच्या ओल्या गाळात गोल, नखे न उमटलेले ठसे होते, एकापुढे एक जवळजवळ सरळ रेषेत पडलेले. "कोल्ह्याचं असतं तर नखं दिसली असती, बाई," असे म्हणून त्यांनी तिथून आत मोजून काही पावले टाकली आणि पाचटातला एक खळगा दाखवला. तो तव्याएवढा होता, आतले पाचट दाबून मऊ झालेले, कडेला करडे केस अडकलेले आणि शेजारी उंदराची नुसती शेपटी. मुकादमाने आणि मालकाच्या मुलाने सांगितलेल्या दोन्ही जागांपासून तो बराच लांब होता.

त्यानंतर त्यांनी कुत्री सोडून आणली, दोरी हातात आखूड धरून. वनरक्षक अस्वस्थ झाला आणि त्याचे चुकत नव्हते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे, तसा प्रयत्न करणे हेही शिकारच. आजोबांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि सांगितले की कुत्री चार पावलांपलीकडे जाणार नाही. खळग्यावर तिने नाक टेकवले, ते पाटाच्या काठाने पुढे नेले आणि शेजारच्या न तोडलेल्या उसाकडे मान वर करून ती थांबली. भुंकली नाही. मागच्या पायांच्या स्नायूंवरून थरथर गेली तेवढीच. आजोबा तिच्याशी घरच्या तेलुगू वळणाच्या बोलीत दोन शब्द बोलले आणि तिला लगेच मागे फिरवून नातवाबरोबर वस्तीवर पाठवून दिले. मांजरी त्या उभ्या उसात आहे, कुत्री तिच्या नजरेस पडली तर आज रात्री ती बाहेर येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वारा कुठून येतो आहे हे त्यांनी मूठभर बारीक माती सोडून पाहिले, आणि पिल्लांचा वास उभ्या उसाकडे जाईल अशा बेताने पाटाच्या तोंडाशी क्रेट ठेवायला लावला. त्याआधी खळग्यातले पाचट क्रेटमध्ये अंथरून घेतले आणि जंतुनाशकाचा वास झाकण्यासाठी तिथलीच ओली माती पिल्लांच्या अंगाला लावली.

हे सारे मी इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण वन्यप्राण्यांच्या प्रशिक्षणवर्गांत मला यातले काहीही शिकवले गेले नाही. क्रेट कसा असावा, कॅमेरा किती उंचीवर लावावा, नोंदी कोणत्या ठेवाव्यात हे शिकवले गेले आणि ते आवश्यकच आहे. आई या क्षणी कुठे असेल हे कसे ओळखावे, या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते.

क्रेट ठेवून आम्ही दूरच्या विहिरीच्या कठड्याआड बसलो. तिथे आजोबांनी हळू आवाजात जुनी पद्धत सांगितली. रानमांजर लांब पळणारे जनावर नव्हे. ते एका झेपेत आडोसा गाठते, साळिंदराच्या बिळात शिरते किंवा बाभळीवर चढते. म्हणून एक वासाची कुत्री आणि दोन धावणारी, असा मेळ लागे. धावणाऱ्या कारवान्यांना नाक थोडे, नजर फार. त्यांना मांजर उघड्यावर येईपर्यंत पट्ट्यात धरून ठेवायचे. वासाचे काम पहाटे, दहिवर पडलेले असताना. ऊन चढले की जमिनीवरचा वास उडून जातो आणि चांगली कुत्रीही भांबावते. विणीच्या दिवसांत, आचळे भरलेली मांजरी दिसली की कुत्री आवरायची. हा नियम दयेतून आला होता की पुढच्या वर्षाच्या हिशेबातून, असे मी विचारले. दोन्हीतून, असे त्यांनी सरळ सांगितले.

या परंपरेतल्या कुत्र्यांना मान मिळाला. माणसांना मिळाला नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कारवानी जातीची कुत्री जोपासली, तिची जोडी इंग्लंडच्या राजापर्यंत गेली, २००५ साली मुधोळ हाउंड या नावाने तिचे टपाल तिकीट निघाले. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पालावर वाढवली त्यांच्याकडे मात्र आजही प्रथम संशयाने पाहिले जाते. शिकारबंदी उठावी असे मला मुळीच वाटत नाही. उजनी धरणाचे पाणी आल्यावर माळरानांचा ऊस झाला, जे गवताळ तुकडे उरले त्यांत कोल्हे आणि ससे आधीच कमी, आणि एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते, तेव्हा शेतकऱ्यानेही ते जपलेच पाहिजे. माझा संताप होतो तो दुसऱ्याच लोकांमुळे. हजारो रुपयांना कारवानी कुत्री विकत घ्यायची, रात्री गाडीच्या उजेडात सशामागे सोडायची आणि त्याची चित्रफीत मिरवायची, हा प्रकार आमच्या भागात वाढला आहे. आजोबा त्यांच्याबद्दल फक्त एवढेच म्हणाले की त्या पोरांना कुत्रं आवरता येत नाही.

अंधार पडल्यावर थोड्याच वेळात कॅमेऱ्याने मांजरी टिपली, ती आजोबांनी सांगितलेल्या उसातून, पाटाच्या कडेनेच आली. क्रेटभोवती तिने वर्तुळ घेतले, काठावर पुढचे पाय टेकवून आत पाहिले आणि पहिले पिल्लू उचलले. मधल्या फेरीला तिने इतका वेळ लावला की मला धीर राहिना. आजोबा म्हणाले की ती पहिल्याला लपवून जागा पारखते आहे. मध्यरात्रीच्या आत क्रेट रिकामा होता.

माझ्या मनात घोळत राहिलेली गोष्ट त्यानंतरची. त्यांच्या नातवाला ट्रॅक्टर चालवायचा आहे, आणि ते योग्यच आहे. मी आजोबांना विचारले की हा माग एखाद्या वनरक्षकाला, एखाद्या तरुण कुत्रीला शिकवाल का. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुत्रीला माग शिकवायचा तर शेवटी तिला त्या जनावराचं मांस द्यावं लागतं, बाई. ते आता कुठून द्यायचं?" मी त्यांना वन विभागांच्या श्वानपथकांविषयी सांगितले: देशात २००८पासून कुत्र्यांना वाघाचे कातडे आणि हाडे हुंगून शोधायला शिकवतात, आणि बक्षीस म्हणून चेंडू किंवा खाऊ देतात, मांस नव्हे. त्यांना ते आवडले, पण पटले नाही. ती कुत्री मेलेले शोधतात, असे ते म्हणाले; जिवंत जनावर वास सोडत पुढे सरकत असते, ते आत्ता होते की सकाळी गेले हे ओळखायला कुत्री त्याच्यामागे धावलेली असावी लागते. पशुवैद्यक म्हणून मला वाटते की चेंडूवरही हे शिकवता येईल. शिकारी म्हणून त्यांना वाटते की येणार नाही. आमच्यापैकी कोण बरोबर आहे हे ठरवण्यासारखी एकच कुत्री तालुक्यात आहे आणि तिचे दात झिजलेले आहेत.

माझ्या अहवालात मी आजोबांचे आणि कुत्रीचे काम जसे घडले तसे लिहिले. वरून तो परत आला, कुत्रीचा उल्लेख वगळावा अशा शेऱ्यासह. शेरा लिहिणाऱ्याची भीती मला समजते. उद्या कोणीही कुत्री घेऊन फडात शिरेल आणि मदत करत होतो म्हणेल. तरीही मी उल्लेख वगळला नाही. अहवाल तसाच पुन्हा पाठवला आहे आणि सोबत एक विनंती जोडली आहे की तोडणीच्या हंगामात आजोबांना रोजंदारीवर मार्गदर्शक म्हणून घ्यावे. उत्तर आलेले नाही.

खळग्यातले केस वनरक्षकाने पंचनामा करून कागदी पाकिटात ताब्यात घेतले, कारण वन्यप्राण्याचे केसही परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाहीत. त्या केसांवर एक तरुण कुत्री शिकवून पाहायला आजोबा तयार झाले आहेत. त्यांची अट एवढीच आहे की वनरक्षकाने रोज पहाटे दहिवर असताना स्वतः यायचे आणि दोरी त्यानेच धरायची. वनरक्षक यायला तयार आहे. हे कायद्यात बसते का, असे त्याने मला लेखी विचारले आहे, आणि ते पत्र अजून माझ्या टेबलावर आहे.