६२ पानांचा मसुदा आणि पहिला हप्ता

मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४. सकाळी साडेदहाला मुलुंडहून एका पीएमसीचा, म्हणजे पुनर्विकासात सोसायटीला सल्ला देणाऱ्या प्रकल्प सल्लागाराचा फोन आला. ४८ सभासदांची सोसायटी, विकासकाच्या वकिलांनी पाठवलेला इंग्रजी विकास करारनामा आणि १ सप्टेंबरच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा. सभासदांपैकी बरेचसे निवृत्त. करारनामा मराठीत हातात आल्याशिवाय मत देणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. "मॅडम, फाइल पाठवतो, आजच सुरू करा. पैशांचं टेन्शन घेऊ नका."

फाइल पाच मिनिटांत आली. नवा ग्राहक, मोठं काम, तारीख डोक्यावर. फ्रीलान्स भाषांतरकाराचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा याच तीन गोष्टी एकत्र आल्यावर, आणि दरवेळी समोरचा माणूस लबाड असतो असं मुळीच नाही. या कामातली सगळी माणसं सरळ होती. तरीही त्या दिवशी काम सुरू केलं असतं, तर पैसे कुणाकडे मागायचे हेच मला कळलं नसतं.

आधी शब्द मोजले. पीडीएफ ६२ पानांची, पण शेवटची ११ पानं स्कॅन केलेली: मालमत्ता पत्रक, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, नकाशे. मालमत्ता पत्रक मराठीतच असतं, त्याचं भाषांतर कशाला? उरलेला मजकूर वर्डमध्ये घेतल्यावर २४,३०० शब्द भरले. त्यात प्रत्येक पानाच्या डोक्यावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा मोजली गेली होती. सभासदांची नावं, सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ यांची यादीही दोन परिशिष्टांत दोनदा होती, आणि ती मराठीत सोसायटीकडे तयार होती. हे वगळून २१,६०० उरले. ही वजाबाकी दरपत्रकात लिहून दाखवावी. २,७०० शब्द आपण होऊन कमी केले हे दिसलं की पुढे ॲडव्हान्सची मागणी संशयाने बघितली जात नाही.

मोजणी मूळ इंग्रजी शब्दांवर, हेही लिहून द्यावं लागतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीतले तीन-चार शब्द 'सोसायटीच्या' या एकात मावतात. काम झाल्यावर खजिनदाराने मराठी फाइल उघडून शब्द मोजले तर आकडा बराच कमी दिसतो आणि बिलावरून वाद होतो.

दर शब्दाला अडीच रुपये, एकूण ५४,००० रुपये. दिवसाला १,८०० शब्द, म्हणजे १२ दिवस आणि तपासणीचे दोन. ॲडव्हान्स एक तृतीयांश, १८,००० रुपये. हा आकडा असाच धरलेला नाही. दिवसाला १,८०० शब्द म्हणजे ४,५०० रुपयांचं काम, म्हणजे १८,००० ही चार दिवसांची मजुरी. पैसे न मिळालेलं काम चार-पाच दिवसांपेक्षा जास्त साचू द्यायचं नाही, या हिशोबाने हप्ते पाडायचे. जन्मदाखला, गुणपत्रिका, लग्नाचा दाखला असलं दोन-तीन पानांचं काम असेल तर पूर्ण रक्कम आधी घ्यावी. तिथे हप्ते पाडण्यात दोघांचाही वेळ जातो. मोठ्या कामात पूर्ण रक्कम आधी मागणं मला योग्य वाटत नाही. समोरच्यालाही आपली काहीच माहिती नसते, आणि त्याच्याही हातात शेवटचा हप्ता असला पाहिजे.

दरपत्रकाखाली चार ओळी होत्या: "मुदतीचे दिवस पहिला हप्ता खात्यात जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जातील. मजकूर अंतिम असल्याचं कळवावं; नंतरचा बदल दोन टक्क्यांपर्यंत विनामूल्य, पुढे त्याच दराने. दुसरा हप्ता पहिला टप्पा दिल्यावर, तिसरा पूर्ण पीडीएफ दिल्यावर. दुरुस्ती करता येणारी फाइल तिसऱ्या हप्त्यानंतर." सोबत दुसऱ्या कलमाच्या २०० शब्दांचं भाषांतर नमुना म्हणून पाठवलं. नमुन्याचा उतारा आपण निवडायचा. ग्राहकाने निवडलेली 'चाचणी' काही वेळा मूळ कामाचाच तुकडा असते आणि बाकीचे तुकडे दुसऱ्या चौघांकडे गेलेले असतात.

संध्याकाळी पीएमसीचा फोन आला. "ॲडव्हान्स? बिल्डर देणार सगळं. त्याच्याशी बोला." पुनर्विकासात वकील आणि पीएमसीचा खर्च विकासकाने उचलण्याची पद्धत आहेच, त्यामुळे हे खोटं नव्हतं. बुधवारी विकासकाच्या कार्यालयाने सांगितलं, "आमच्या बजेटमध्ये आहे, पण बिल सोसायटीच्या नावाने काढा. करारनामा रजिस्टर झाला की सोसायटीला परत देऊ." दुपारी सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आमच्या खात्यातून कशाला? पीएमसीने बिल्डरकडून घ्यायचं ठरलंय."

फिरून फिरून तिघांचं बोट एकमेकांकडे. विकासकाचं वाक्य नीट वाचलं तर अडचण आणखी खोल होती. पैसे करारनामा नोंदल्यावर, म्हणजे सभेत मंजुरी, मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, हे सगळं झाल्यावर. सभासदांनी मराठी मसुदा वाचून हा विकासक नाकारला असता तर भाषांतराचे पैसे देणारा कुणी उरलाच नसता. भाषांतर जितकं स्पष्ट, तितकी ती शक्यता जास्त. अशा बांधणीत भाषांतरकाराने पाऊल टाकू नये. विकासकाने आगाऊ दिले असते तरी मी ते घेतले नसते. ज्या करारनाम्यावर ४८ कुटुंबं घर सोडणार, त्याचं भाषांतर समोरच्या पक्षाच्या पैशांनी झालं हे उद्या सभेत कुणी विचारलं, तर चांगल्या भाषांतरावरही कोण विश्वास ठेवील?

सेक्रेटरींना हे जसंच्या तसं सांगितलं. 'माझी पॉलिसी आहे' असं म्हटलं की ग्राहक घासाघीस करतो. कारण सांगितलं की विचार करतो. त्यांना पाठवलेला मजकूर असा होता: "हे भाषांतर सोसायटीच्या सभासदांसाठी आहे, म्हणून काम सोसायटीने द्यावं आणि पहिला हप्ता सोसायटीच्या खात्यातून यावा. विकासकाकडून ती रक्कम सोसायटीने नंतर घ्यावी. व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत आणि सोसायटीचा पॅन पाठवा." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला सगळी कमिटी खाली असते. तेव्हाच विषय घेतो."

गुरुवारी दुपारी ठरावाचा फोटो आला. शनिवारी चेकचा फोटो, खाली "आता सुरू करा." चेकच्या फोटोवर काम सुरू करायचं नाही, तसंच यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरही नाही. रक्कम आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात दिसली पाहिजे. एसएमएसही खोटा बनवता येतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकायला सांगितलं तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार आहे, फोन ठेवून १९३० वर कळवावं. परदेशी ग्राहकाच्या नावाने येणारी एक जुनी युक्तीही भाषांतरकारांनी ओळखून असावी: ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक येतो, 'वरचे पैसे अमुक खात्यात परत पाठवा' असा निरोप येतो, आणि आपण पाठवून बसल्यावर चेक वटत नाही.

इथे फसवणूक नव्हती, पण चेक वटला नसता. नावात एक अक्षर चुकलं होतं, ते खोडून वर बरोबर लिहून सही केली होती. पूर्वी चालायचं. सीटीएस पद्धतीत, जिथे चेकची प्रतिमा क्लिअरिंगला जाते, तारखेच्या दुरुस्तीपलीकडे कुठलीही खाडाखोड चालत नाही. फोटोतच ते दिसलं म्हणून तो भरलाच नाही. सोसायटीच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि नेटबँकिंग घेतलेलं नव्हतं, त्यामुळे एनईएफटीसाठीही शाखेतच जावं लागलं असतं. सोमवारी नवा चेक लिहिला, त्याच दिवशी भरला, मंगळवारी २० तारखेला जमा झाला. खात्यात आले १६,२००.

१,८०० रुपये कमी बघून नवा भाषांतरकार फोन करतो. ते व्यावसायिक शुल्कावरचं टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून आपल्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर; तेव्हाच्या कलम १९४जे प्रमाणे दहा टक्के. त्या वर्षी मर्यादा ३०,००० रुपयांची होती. पहिला हप्ता तिच्या आत होता, पण एकूण बिल वर जाणार हे माहीत असल्याने खजिनदारांनी पहिल्यापासून कापलं, आणि ते बरोबरच होतं. ॲडव्हान्सवरही टीडीएस कापलं जातं. पॅन दिला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात, म्हणून दरपत्रकावर पॅन ठळक छापावा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नसेल तर जीएसटी लावता येत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी लक्षात ठेवावं की सेवेचा ॲडव्हान्स हातात पडतो त्याच महिन्याच्या हिशोबात त्यावरचा कर येतो, काम पुढच्या तिमाहीत संपणार असलं तरी.

या सगळ्यात आठवडा गेला. पण सोमवारी, चेक बँकेत असतानाच, विकासकाच्या वकिलांकडून सुधारित मसुदा आला. चटई क्षेत्र, मासिक भाडं आणि बँक गॅरंटी यांसह १४ कलमं बदललेली. शब्द २१,८५०, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. १३ तारखेला सुरू केलं असतं तर सोमवारपर्यंत ९,००० शब्द झाले असते, आणि त्यातली बदललेली कलमं शोधून पुन्हा लिहिण्याचे पैसे कुणाकडे मागायचे, हा दुसरा घोळ झाला असता. मजकूर अंतिम आहे का, हा प्रश्न फोनवर विचारला की उत्तर 'हो' येतं. चेकवर दोन सह्या करायच्या वेळी खजिनदारांनी तोच प्रश्न पीएमसीला विचारला, तेव्हा नवा मसुदा येतोय हे बाहेर आलं.

आता १४ दिवस उरले नव्हते. सेक्रेटरी आणि पीएमसीबरोबर बसून सभेत मत ज्यांवर पडणार ती कलमं निवडली: क्षेत्रफळ, भाडं आणि ब्रोकरेज, कॉर्पस फंड, बँक गॅरंटी, ताबा आणि विलंबाची भरपाई, करार रद्द करण्याचा अधिकार. सुमारे ९,००० शब्द. २१ ते २५ भाषांतर, २६ ला तपासणी, त्याच संध्याकाळी पहिला टप्पा दिला. प्रत्येक पानावर आडवा शिक्का 'मसुदा' आणि तळाशी ओळ: "हे भाषांतर माहितीसाठी आहे, अर्थभेद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य." दुसरा हप्ता दोन दिवसांत आला.

सभेला मला बोलावलं होतं. ताब्याच्या कलमात मूळ इंग्रजी असं होतं की विकासक ३६ महिन्यांत ताबा देण्याचा 'प्रयत्न करील'. भाडं मात्र 'देईल'. ही दोन क्रियापदं मराठीत सपाट करून दोन्हीकडे 'देईल' लिहिणं सोपं असतं, आणि वाचायलाही बरं वाटतं. दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी ते कलम मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "प्रयत्न करील म्हणजे देणार की नाही देणार?" सभागृहात बसलेल्या विकासकाच्या प्रतिनिधीकडे उत्तर नव्हतं. ते कलम बदलून आणायचं ठरलं आणि मंजुरी पुढच्या सभेवर गेली. भाषांतराचे पैसे करारनाम्याच्या नोंदणीला बांधलेले असते तर तेही पुढच्या सभेवर गेले असते.

उरलेला भाग ५ सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी दिला. तिसरा हप्ता गौरी-गणपती उरकल्यावर १३ तारखेला आला, मग वर्डची फाइल पाठवली. बिलावर उद्यम, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा क्रमांक होताच. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. नोंदणी मोफत आहे आणि काम सुरू होण्याआधीच करून ठेवावी. तक्रार करायची वेळ इथे आली नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, नोव्हेंबरच्या मध्यात आला, तेव्हा २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडे माझ्या पॅनवर दिसणाऱ्या कापलेल्या कराच्या तक्त्यात, तीनऐवजी दोनच नोंदी होत्या. सप्टेंबरच्या नोंदीत माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. खजिनदारांच्या सीएने दुरुस्ती विवरण भरलं आणि डिसेंबरात तिसरे १,८०० तिथे दिसले.