एका घनमीटरात किती लिटर?

शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर घंटा, मैदान, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते गणिताच्या सरांनी भांडी बाजारातून करवून आणलेल्या पितळी डब्याबद्दल.

आतून लांबी, रुंदी, उंची बरोबर दहा सेंटिमीटर. गवळ्याचं लिटरचं माप काठोकाठ भरून त्यात ओतलं, की डबाही काठोकाठ भरायचा. "दहा गुणिले दहा गुणिले दहा किती रे?" हजार घनसेंटिमीटर. "आणि लिटरचे मिलिलिटर?" तेही हजार. घनसेंटिमीटर आणि मिलिलिटर एकच, हे आम्हाला कधी घोकावं लागलं नाही. (१९०१ ते १९६४ या काळात लिटर म्हणजे एक किलो पाण्याचं आकारमान अशी व्याख्या होती, त्यामुळे तो हजार घनसेंटिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भाग मोठा भरायचा, हे सर फार चवीने सांगत. परीक्षेत ते कधीच आलं नाही.)

खरी गंमत पुढे. किलोलिटर, हेक्टोलिटर, डेकालिटर, लिटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलिलिटर हे सगळ्यांना तोंडपाठ. दर पायरीला दहाने गुणा, झालं. मग सरांनी विचारलं, "एका घनमीटरात किती लिटर?" अख्खा वर्ग ओरडला, "शंभर!" सर काही बोलले नाहीत. वर्गाच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन आयतीच होती. तिथे मीटरभर लांबीच्या काठ्या बांधून त्यांनी एक घनमीटर उभा केला आणि पितळी डबा आत ठेवला. लांबीत दहा डबे, रुंदीत दहा, उंचीत दहा. म्हणजे हजार लिटर, एक किलोलिटर. लिटरच्या जिन्यात पायरी दहाची, घनाच्या जिन्यात हजाराची. घनमीटरातून घनसेंटिमीटरात उतरायचं तर दोन पायऱ्या, म्हणून दहा लाख. त्या चौकटीत बसायला मधल्या सुट्टीत रांग लागायची.

आमची नाशिकच्या मखमलाबादला द्राक्षबाग आहे. तिथे हे गणित पदोपदी लागतं. लिटरला अर्धा मिली औषध, तर दोनशे लिटरच्या ड्रमला शंभर मिली. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध जीए (द्राक्षांवर फवारायचं जिबरेलिक अ‍ॅसिड) म्हणजे दहा पीपीएम, दहा लाखांत दहा भाग. इथे शून्य चुकलं तर घडच सांगतात. पावसाचंही तसंच: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हेक्टरवर दहा हजार लिटर.

शेततळ्याच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "तीस बाय तीस, तीन मीटर खोल, सत्तावीस लाख लिटर बसणार बघा." पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, उताराच्या असतात. एकास एक उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला तर तळ चोवीस बाय चोवीसच उरतो आणि आकारमान भरतं २,१९६ घनमीटर. म्हणजे बावीस लाखांनाही थोडं कमी. पाच लाख लिटर नुसत्या उतारात गेले! मी वहीवर मांडून दाखवलं, तेव्हा गडी म्हणाला, "दादा, तुम्ही मास्तर व्हायचं सोडून इकडं कुठं?"

एक तक्रार मात्र आहे. मुलांना लिटर आणि घनमीटर शिकवायचं, आणि पावसाळ्यात पेपरात गंगापूर धरण दशलक्ष घनफुटांत (दलघफू) मोजायचं. ५,६३० दलघफू म्हणजे साधारण १५९ दशलक्ष घनमीटर, हे किती जणांना उमजतं? घनफुटाचे २८.३२ लिटर, एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तर सगळं सुटतं. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला गर्दी जमते, तेव्हा मी मनात गुणाकार करत असतो. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरच्या वर. त्या धारेखाली आमचं शेततळं सव्वा मिनिटाच्या जरा वर भरेल. आमच्या मोटारीला त्याच तळ्यासाठी रात्रीच्या रात्री चालावं लागतं, तेही वीज असली तर.