गटाराच्या पाण्याला गिऱ्हाईक

आमच्या प्रस्तावाला तिसऱ्यांदा त्रुटी लागली. या वेळी एकच. "पुनर्वापराच्या पाण्याच्या खरेदीदाराचे संमतिपत्र जोडलेले नाही." बाकीच्या सगळ्या मुद्द्यांची पूर्तता मागच्या दोन फेऱ्यांत झाली होती: जागेचा सातबारा, नव्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, प्रशासकांचा ठराव, नकाशावरच्या दोन पाइपांचे चुकलेले रंगसुद्धा. पत्र वाचलं, फाईल मिटली आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला.

गावाचं नाव लिहीत नाही. अजून तिथंच कंत्राटी अभियंता आहे आणि दर अकरा महिन्यांनी माझा आदेश नव्यानं निघतो. मराठवाडा, एवढं पुरे.

काम सांगायला सोपं आहे. गावाचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आमच्याकडं आधीपासून आहे. तिथून बाहेर पडणारं पाणी नाल्यात सोडण्याइतकं बरं असतं, पण कुणाला विकण्याइतकं नसतं. त्याच्यापुढं आणखी एक टप्पा बांधायचा. वाळूचे फिल्टर, त्यानंतर अतिसूक्ष्म गाळणी, शेवटी निर्जंतुकीकरण. मग ते पाणी एमआयडीसीला द्यायचं आणि तेवढं धरणाचं पाणी लोकांसाठी वाचवायचं. पैसे मागायचे केंद्र सरकारकडं, शहरांच्या पाण्यासाठी असलेल्या अमृत २.० योजनेतून. ही योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. तिच्या उद्दिष्टांत एक ओळ अशी आहे की शहरांच्या एकूण पाण्याच्या गरजेतला २० टक्के आणि उद्योगांच्या गरजेतला ४० टक्के वाटा पुनर्वापराच्या पाण्यातून भागावा. माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान याच ओळीनं सुरू होतं. सगळ्यांचंच होत असणार.

पैशाचं गणित लोकसंख्येवर चालतं. लाखाच्या आतलं गाव असेल तर केंद्र सरकार निम्मा खर्च देतं, लाख ते दहा लाख असेल तर एक तृतीयांश, त्याच्या वर पाव. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची अजून हातात नाही. आमचं गाव तेव्हा लाखाच्या जरासं अलीकडं थांबलं. आता ते केव्हाच पुढं गेलंय, हे कुणालाही बसस्टँडवर उभं राहून कळेल. पण कागदावर आम्ही अजून लाखाच्या आत आहोत आणि म्हणून निम्म्याचे धनी आहोत. त्या साली दोनचार गल्ल्यांत आणखी पाळणे हलले असते तर आमचा प्रस्ताव ठराव होण्याआधीच बसला असता.

आता यातली खरी गंमत. आमच्या शुद्धीकरण केंद्राचा आराखडा दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरून केलेला आहे. त्यातलं ८० टक्के गटारात येतं असं मानायचं, हा नियमच आहे. त्या हिशोबानं केंद्र १२ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला सव्वा कोट लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात नळाला पाणी येतं आठ दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये बारा दिवसांनी. जे घरात आलंच नाही ते गटारात कुठून यायचं? केंद्रावर पाच एमएलडी येतं, उन्हाळ्यात चार. त्यात बोअरचं पाणी भरपूर, म्हणजे क्षार भरपूर. तहानलेल्या गावाचं सांडपाणीसुद्धा कमी असतं आणि घट्ट असतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

२०१६ चा उन्हाळा आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा लातुरात भाड्याच्या खोलीत राहायची. घरमालकीण भांडी घासलेलं पाणी वेगळ्या बादलीत ठेवायची, ते संडासाला. फरशी पुसलेलं पाणी तुळशीला. टर्शरी ट्रीटमेंट (म्हणजे आमचा तो पुढचा टप्पा) वगैरे शब्द तिला माहीत असायचं कारण नव्हतं, पण कोणतं पाणी कशाला चालतं याची प्रतवारी तिच्या स्वयंपाकघरात पक्की होती. प्रस्ताव लिहिताना मला बऱ्याचदा तिचीच आठवण येते. सरकारी भाषेत याला 'उद्दिष्टानुरूप गुणवत्ता' म्हणतात.

तर, गुणवत्ता.

केंद्रावर एक मामा आहेत. ऑपरेटर. आयटीआय झालेले, आधी साखर कारखान्यात होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रयोगशाळेचे अहवाल मागितले. ते म्हणाले, "ते ऑफिसात असतेत मॅडम. हिथं हे बघा." आणि एक लिटरचा काचेचा सिलिंडर घेऊन हवा देण्याच्या टाकीवर चढले. दोरीच्या पोहऱ्यानं टाकीतलं पाणी काढलं, सिलिंडर काठोकाठ भरला आणि कट्ट्यावर ठेवला. चहात जास्तीचं दूध घातल्यासारखा रंग. "आता अर्धा तास हात लावायचा न्हाई."

दहाव्या मिनिटाला वरती बोटभर पाणी नितळ झालं. गाळ एकसंध, वाकळेसारखा, हळूहळू खाली बसत गेला. अर्ध्या तासानं तो ३०० च्या रेघेवर थांबला आणि वरच्या पाण्यातून सिलिंडरच्या पलीकडचा कडुनिंब दिसायला लागला. "हे चांगलं. साडेतीनशेच्या वर गेला की समजायचं पोटात बिघाड हाय. आन् वर तरंगाया लागला तर रात्री लाईट गेलती."

तो गाळ म्हणजे जिवाणू. सांडपाण्यातली घाण खाऊन तेच ते साफ करतात. त्यांना दिवसरात्र हवा लागते, ती ब्लोअर देतात, ब्लोअरला वीज लागते. प्रयोगशाळेत बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या घाणीला किती प्राणवायू लागतो त्या मापाची, बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि मग आकडा कळतो. मामांना अर्ध्या तासात कळतो. आकडा नाही, पण कळतं.

या केंद्राच्या पाण्याची प्रत नेमकी कुठं बिघडते, हे शोधायला मला चार महिने लागले. अहवालात बीओडी बहुतेक वेळा ठीक असायचा. आम्हाला पकडत होता तो विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा आकडा, फीकल कॉलिफॉर्म. हरित लवादानं २०१९ साली घालून दिलेली मर्यादा १०० मिलीला २३०. आमचा नमुना एका आठवड्यात मर्यादेच्या आत, तर दुसऱ्या आठवड्यात हजारांच्या घरात. क्लोरीन तितकाच, माणूस तोच. मग आकडे लाईटच्या वेळांशी लावून बघितले. रात्री दोन तास वीज गेली की ब्लोअर बंद. डिझेलचं जनरेटर आहे, पण डिझेलला मंजुरी लागते, त्यामुळं ते दसऱ्याला पूजेपुरतं चालतं. हवा बंद झाली की पाण्यातला अमोनिया तसाच राहतो. अमोनिया आधी क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी फारसं काही उरत नाही. म्हणजे क्लोरीनच्या टाकीत दिसणारा बिघाड मुळात विजेच्या खांबावर झालेला असतो.

हे मी प्रस्तावात लिहिलं. वरिष्ठांनी पेन्सिलीनं कंस केला आणि म्हणाले, "खरंय, पण ह्याला कोण पैसे देणार?" बरोबर होतं त्यांचं. योजनेतून काँक्रीट मिळतं, पंप मिळतात, गाळण्या मिळतात. वीजबिल आणि पगार त्यात बसत नाहीत. ते गावानं बघायचं. गाव कशातून बघणार? पाणी विकून. आणि इथं गाडी पुन्हा त्या एका त्रुटीवर येते.

खरेदीदार शोधायला मी एमआयडीसीत गेले. सोयाबीनचं तेल काढणारा एक कारखाना आहे, उन्हाळ्यात टँकरवर चालतो. मॅनेजर साहेब सभ्य माणूस. कुलिंग टॉवरचा एक जुना पाइपाचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला होता, आतून पांढऱ्या थरानं निम्मा बुजलेला. "ताई, हे बोअरच्या पाण्यानं झालंय. तुमच्या पाण्यात क्षार किती?" मी आकडा सांगितला. ते हसले. "आधी पाणी दाखवा, मग सही."

जैविक प्रक्रियेनं क्षार जात नाहीत. वाळूनं जात नाहीत, अतिसूक्ष्म गाळणीनंही जात नाहीत. त्याला आरओ लागतो. आरओ घातला तर खर्च वाढतो, वीज वाढते आणि गाळून उरलेलं खारट पाणी टाकायचं कुठं हा नवा प्रश्न उभा राहतो. समुद्रकाठच्या शहराला त्याचं उत्तर सापडतं. आमचा समुद्र चारशे किलोमीटरवर.

तर पैसे देणारे म्हणतात, आधी गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक म्हणतं, आधी पाणी दाखवा. पाणी पैशाशिवाय सुधारत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

नागपूरचं उदाहरण आम्हाला प्रत्येक कार्यशाळेत ऐकवतात. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, त्या कामाला त्या वेळच्या जेएनएनयूआरएम या शहरी योजनेतून केंद्र सरकारचा पैसा मिळाला होता. उत्तम काम आहे, त्यात वाद नाही. पण तिथं गिऱ्हाईक आधी होतं, आणि ते बारमाही तहानलेलं वीज केंद्र होतं. शिवाय २०१६ च्या वीजदर धोरणात सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारकच केलं. आमच्या ५० किलोमीटरच्या आत जिनिंग, दालमिली आणि हा एक तेलाचा कारखाना.

शेतकरी का नाही, असं कुणीही विचारेल. मी विचारलं. नाल्याच्या काठानं अर्ध्या कोसावर सतराअठरा मोटारी आहेत, प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं दोन्ही पाणी ओढतात. एक आजोबा उसाच्या बांधावर बसले होते. मी त्यांना नवा टप्पा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पाण्यातला जोर काढून घेनार तुमी. आन् वर पैसे मागनार." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. त्या पाण्यात नत्र आहे, स्फुरद आहे, त्यांचा युरियाचा खर्च वाचतो. जंतूही आहेत, हे त्यांना मी सांगितलं. त्यांनी आपले पाय दाखवले, घोट्यापर्यंत खाजवून खाजवून काळे झालेले. "ते ठाऊक हाय की."

त्यांना सुरक्षित पाणी हवं, पण जोरदार. कारखान्याला हवं निर्जीव, मऊ. एकाच नाल्याला दोन गिऱ्हाइकं आणि दोघांची मागणी उलटी. मी मग आराखडाच बदलला. सगळ्या पाण्यावर सगळे टप्पे न करता नुसतं निर्जंतुकीकरण पक्कं करायचं सगळ्याचं, ब्लोअरला वेगळी वीजवाहिनी घ्यायची, आणि एक एमएलडीपुरताच आरओ कारखान्यासाठी, तोही त्याचं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळून क्षार खाली आणण्यापुरता. खर्च निम्म्याच्या खाली आला. सल्लागार कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला, कारण त्यांची फी टक्केवारीवर.

मॅनेजर साहेबांनी शेवटी पत्र दिलं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. मजकूर असा की फेब्रुवारी ते जून या काळात, क्षारांचं प्रमाण ठरल्याप्रमाणे राहिल्यास, दररोज अमुक इतकं पाणी 'घेण्याचा विचार करता येईल'. ही संमती धरायची की नकार, यावर आमच्या कार्यालयात दोन दिवस चर्चा झाली. धरली.

त्यासोबत मी एक गोष्ट न विचारता जोडली. मामांची वही. वर्षभराच्या सिलिंडरच्या नोंदी, रोज तीन वेळा, निळ्या पेनानं आखलेले रकाने. 'पाण्याच्या गुणवत्तेतील चढउताराची कारणे' असं शीर्षक देऊन तिच्या झेरॉक्स प्रती जोडपत्र ९ म्हणून लावल्या. मामांना सांगितलं तर ते घाबरले. म्हणाले, "मॅडम, अक्षर तरी सुधारून लिवलं असतं की ओ."

प्रस्ताव गेला. महिनाभर काही नाही. परवा दुपारी छाननीवाल्या कार्यालयातून फोन आला. मी वही उघडून बसले, म्हटलं आता चौथी त्रुटी. पलीकडं तरुण आवाज होता, बहुतेक माझ्यासारखाच कंत्राटी. आकड्यांबद्दल काही विचारलं नाही, संमतिपत्राबद्दलही नाही.

"मॅडम, ते जोडपत्र ९ मध्ये शेवटच्या रकान्यात सारखं 'ला.गे.' लिहिलंय. मार्चमध्ये तर एकवीस वेळा आहे. हे कोणतं पॅरामीटर?"

"लाईट गेली," मी म्हटलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं. मी शेऱ्यात तसं लिहून घेतो."