नोटीसचा महिना

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डिस्पॅच आणि बिलिंग बघायचो. सात वर्षं आठ महिने झाले आणि पुण्यात नोकरी लागली. राजीनामा दिला, माझ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. नोटीस महिनाभराची.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "कशाला मरायलास बे आता? यायचं, चहा प्यायचा, जायचं." पहिला आठवडा मी तेच केलं. माझ्या जागी आलेला पोरगा विचारेल तेवढंच सांगायचो.

मग एका संध्याकाळी हैदराबादचा माल भरून गाडी दोन तास गेटवर अडकली. ट्रान्सपोर्टवाल्याने ऐनवेळी टेम्पो बदलला होता आणि ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, जुना नंबर होता. त्याच बिलाच्या पार्ट-बी या भागात नुसता गाडीचा नंबर बदलता येतो, हे पोराला ठाऊकच नव्हतं. तो घामाघूम होऊन सगळं बिल नव्याने करत बसला होता, आणि मी कॅन्टीनमध्ये. फार लाज वाटली.

नवीन काम अंगावर घ्यायचं नाही, पण डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं, असं त्या रात्री ठरवलं. दोनशे पानी वही आणली. एका पार्टीला एक पान: जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) किती, डझनाचं वजन, पॅकिंग कसं, ट्रान्सपोर्ट कुठली, पैसे किती दिवसांनी येतात, फोन नेमका कुणाला करायचा. शेवटचे दहा दिवस बिलं त्यालाच करायला लावली. मी मागे खुर्ची टाकून बसायचो. हात शिवशिवायचे, पण माउसला हात लावला नाही.

स्वतःचे कागदही याच दिवसांत बघावेत. हिशेबात माझी ग्रॅच्युइटी सात वर्षांची धरली होती. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात. वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून: बेसिक 14,000, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 8 म्हणजे 64,615 रुपये. मांडून दाखवलं, शेठनी लगेच दुरुस्त करायला सांगितलं. पीएफवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायचीही आठवण करून दिली, नाहीतर ट्रान्सफर रखडतं.

पुण्याला आल्यावर पंधराएक दिवसांनी पोराचा फोन आला. म्हटलं, अडलं वाटतं काही. तर म्हणाला, "दादा, वहीत नवीन पार्टीचं पान जोडलंय. फोटो पाठवतो, बघा बरं काही राहिलंय का."