किलविश कुणापैकी?

आमच्याकडं अनोळखी माणूस दारात आला की पाण्याचा तांब्या हातात येईपर्यंत त्याला तीन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. गाव कोणतं? आडनाव काय? आणि कुणापैकी? पहिल्या दोन प्रश्नांना खोटं बोलून एखादा निभावून नेईल. तिसऱ्याला नाही. विचारणाऱ्याला तुमच्या चुलत मामाच्या सोयरिकीपर्यंत सगळं आधीच माहीत असतं, तो नुसती खात्री करून घेत असतो. अशा मुलखात वाढणाऱ्या पोरांपुढं 1997 साली दूरदर्शननं एक इसम आणून बसवला, ज्याला गाव नाही, आडनाव नाही आणि कुणापैकी म्हणावं तर कुणाचाच नाही. 'शक्तिमान' मालिकेतला खलनायक, तमराज किलविश.

शक्तिमानचं तसं नव्हतं. तो एरवी गंगाधर असायचा, आणि गंगाधरला नाव विचारलं की अख्खी वंशावळ बाहेर पडायची : पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. तलाठ्याकडं वारसाची नोंद लावायला आल्यासारखा. चष्मा, पुढं आलेले दात, 'आज की आवाज' नावाच्या पेपरात फोटोग्राफरची नोकरी. गंगाधर हाच शक्तिमान, हे त्याच पेपरातल्या बातमीदार गीता विश्वासला सोडून साऱ्या देशाला ठाऊक होतं. त्यामुळं त्याच्याबद्दल वाद घालायला काही शिल्लकच नव्हतं. आमची सगळी भांडणं किलविशवरून व्हायची.

ही भांडणं मिटली असं मी धरून चालले होते. गेल्या येळवशीला ती पुन्हा उकरली गेली.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडची माणसं दिवाळीला एकवेळ गावी येणार नाहीत, पण या दिवशी रानात हजर असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदग्यातली आंबील यांच्यावर तुटून पडायचं. आंबील पोटात गेली की माणूस एकतर झोपतो नाहीतर वाद घालतो. आमच्यात झोपणारे कमी.

भाचा कोपीत वाकून पाच दगड बघत होता. म्हणाला, "यात भीष्म कोणचा?"

"भीष्म नसतो रे यात. पाच पांडव हायत ते."

"आणि द्रोणाचार्य?"

"तो कौरवांकडं."

"नंतर तो किलविश झाला ना?"

पोरगं हुशार आहे. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा लावल्या तेव्हा त्यानं महाभारत आणि शक्तिमान दोन्ही एकाच उन्हाळ्यात पाहिलं होतं. जे कळायला आम्हाला सात-आठ वर्षं लागली ते त्याला दोन दिवसांत कळलं. महाभारतातले भीष्म मुकेश खन्ना, तेच पुढं शक्तिमान. द्रोणाचार्य सुरेंद्र पाल, तेच तमराज किलविश. म्हणजे कुरुक्षेत्रावर दोघं एकाच बाजूनं लढले, एकाच पंगतीत जेवले असतील, आणि दहा वर्षांत एकमेकांच्या जिवावर उठले. थोरला दादा आंबिलीचा पेला खाली ठेवत म्हणाला, "भावकीत असंच असतंय." त्याचा सध्या बांधावरून वाद चालू आहे, त्यामुळं त्याचं बोलणं कुणी पुढं ओढलं नाही.

आमच्या गल्लीत तेव्हा दोन टीव्ही होते. मालिका आधी शनिवारी लागायची, तेव्हा शाळा सुटली की दप्तर पाठीवर आपटत पळत सुटायचं. पुढं ती रविवारी दुपारी आली. ओसरीत तीसेक पोरं आणि गच्चीवर अँटेना धरून उभा एक जण. पण खरी अडचण अँटेनाची नव्हती, लाईटीची होती. तिकडं किलविशचा माणूस "अंधेरा कायम रहे" म्हणून रामराम घालायचा आणि इकडं लाईट जायची. बरोबर तेव्हाच जायची असं नाही, पण मोठं झाल्यावर आठवतं ते तसंच. डीपी जळाली की आठ-आठ दिवस गाव काळोखात. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडा, ती उतरली की मालकाच्या शिव्या खा. या सगळ्यातून पहिला सिद्धांत जन्माला आला : किलविश म्हणजे आपला वायरमन.

पुरावे भक्कम होते. तो आला की अंधार व्हायचा. तो खांबावर चढायचा, म्हणजे उंचीचं भय नाही. तो कधी हसायचा नाही, हे तेवढं विरोधात जात होतं, कारण किलविश सारखा हसायचा. मग ठरलं की तो घरी जाऊन हसत असणार. त्या बापड्याला आयुष्यभर कळलं नाही की तो सायकलवरून आला की मारुतीच्या पारावर बसलेली दहा पोरं का गप्प होतात.

दुसरा सिद्धांत माझा, आणि तो स्वार्थातून आला होता. खेळताना मला नेहमी गीता विश्वास करायचे. गीता विश्वासचं काम काय, तर संकटात सापडायचं आणि ओरडायचं. मला ते जमायचं नाही, घसा बसायचा. शक्तिमान व्हायला रांग लागलेली, किलविशच्या बाजूचा शास्त्रज्ञ डॉक्टर जैकाल व्हायलाही दोघं तयार, कारण त्याला "पॉवर!" म्हणून ओरडायला मिळायचं. किलविश व्हायला कुणी तयार नव्हतं. बसून राहायचं, हुकूम सोडायचे आणि शेवटी हरायचं, हे कुणाला आवडणार? मी हात वर केला. दगडी जोत्यावर आज्जीची काळी शाल पांघरून बसले आणि तिथून उठलेच नाही. पहिल्या दिवशीच कळलं की किलविश स्वतः काही करत नाही. सगळी कामं माणसं पाठवून करून घेतो. गावातले मोठे लोक ओट्यावर बसून जे करतात, नेमकं तेच. तेव्हा माझं मत झालं की किलविश हा जमीनदार असणार. कूळकायद्यात गेली असेल त्याची जमीन, म्हणून चिडलेला.

जमीनदारीवर फारसं कुणी भांडलं नाही. भांडण झालं ते तिसऱ्यावर. मधल्या गल्लीतल्या एका पोरानं सांगितलं की किलविश किल्लारीचा आहे. नाव बघा ना, किल्लारी, किलविश. जमिनीखाली राहतो, आणि खालून आवाज येतात ते त्याचेच.

आमच्याकडं जमिनीतून खरंच आवाज येतात. भांडी थरथरतात, कुत्री भुंकतात, आणि मोठी माणसं बोलता बोलता थांबतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात जे झालं ते आम्हा पोरांना अर्धवट आठवायचं. गणपती बुडवून दमून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आई मला घेऊन अंगणात धावली, एवढं एकच चित्र माझ्याकडं आहे, आणि तेही माझं आहे की तिनं सांगून माझं झालं, कुणास ठाऊक. पुढं कित्येक महिने माणसं घरात झोपायला तयार नव्हती. मावशीचं गाव त्या 52 गावांतलं. ते उठून नव्या जागी, पत्र्याच्या आणि मग सरळ रेषेतल्या घरांत गेलं.

तर हा किल्लारीचा सिद्धांत आम्ही आज्जीपुढं मांडला. ती शेंगा फोडत होती. फोडायची थांबली. आम्हाला वाटलं, आता फटका बसणार. ती म्हणाली, "त्याला कुणी आणलं न्हाई, बाळा. ते आपसूक झालं. उगी कुणाच्या नावावर घालू नका." आणि परत शेंगा फोडायला लागली. त्या दिवसापासून किल्लारी बाद. कुणी ठरवलं नाही, पण परत कुणी ते नाव घेतलं नाही.

चौथा सिद्धांत आमच्या गुरुजींनी दिला, आणि तोही रागाच्या भरात. शनिवारी सकाळी वर्गात कुणाचंच लक्ष नसायचं. एकदा वैतागून त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : तमराज किलविश. वर्गात अशी शांतता मी परत पाहिली नाही. "तम म्हणजे अंधार. तमराज म्हणजे अंधाराचा राजा. आता किलविश म्हणजे काय?" कुणी हललं नाही. गुरुजींनी खाली लिहिलं : किल्बिष. "संस्कृत शब्द आहे, ढोरांनो. किल्बिष म्हणजे पाप. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे, मुच्यन्ते सर्वकिल्बिषैः. टीव्हीवाल्यांनी ब चा व केला आणि तुम्ही त्याला राक्षस समजून बसलात." मग त्यांनी अर्थही सांगितला : यज्ञातलं उरलेलं खाणारे किल्बिषांतून सुटतात, फक्त स्वतःपुरतं रांधणारे पाप खातात. डब्यातली शेंगदाण्याची चटणी लपवून खाणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं मान खाली घातली.

मला मात्र दुसरंच आठवलं. आज्जी रोज म्हणायची, "मनात किल्मिष ठेवू नये." दोन जावांचं भांडण झालं की, शेजारणीनं ताक दिलं नाही की, माझा भाऊ माझ्यावर रुसला की, किल्मिष. किल्बिषचंच आपल्या घरातलं रूप. म्हणजे ज्याचा पत्ता आम्ही वायरमनच्या खांबापासून किल्लारीच्या पोटापर्यंत हुडकत होतो तो इसम आमच्या स्वयंपाकघरात दिवसातून चार वेळा नावानिशी निघत होता. आणि शाळेत? शाळेत आम्ही रोज पसायदान म्हणायचो. दुरितांचे तिमिर जावो, विश्व स्वधर्म सूर्ये पाहो. दुरित म्हणजे पाप, तिमिर म्हणजे अंधार. उलट्या क्रमानं वाचा : अंधार, पाप. तम, किल्बिष. पुढच्याच ओळीत सूर्य उगवतो. हात जोडून, डोळे मिटून, शेजारच्याला चिमटा काढत आम्ही रोज सकाळी तमराज किलविशला घालवून देत होतो आणि आमच्या गावीही नव्हतं.

हे सगळं मला तेव्हा एका दमात कळलं असं नाही. शब्दांचा जोड पुढं कॉलेजात बसला. पण येळवशीला मी ते असं सांगितलं, जणू सात वर्षांची असतानाच मी हे ओळखलं होतं.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला चुलतभाऊ ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे किलविश आपेगावचा?"

"आरं येड्या, ज्ञानेश्वर आपेगावचे. किलविशला घालवायची मागणी त्यांनी केली. 1290 साली."

"मग पैठण तालुक्यातच केस दाखल झाली म्हण."

त्याला खरी तक्रार वेगळीच होती. त्याचं म्हणणं, किलविश अर्धवट लिहिलेला आहे. आजकालच्या मालिकांत खलनायकाला बालपण असतं, बापानं मारलेलं असतं, कुणीतरी दगा दिलेला असतो, मग तो बिघडतो. किलविश का बिघडला? सांगा. मी म्हटलं, मला हे दुःखी बालपणाचं प्रकरण आता अजिर्ण झालं आहे. प्रत्येक चोराला लहानपणी सायकल मिळाली नव्हती म्हणून तो चोर झाला, असं ऐकून ऐकून ज्यांना सायकल मिळाली नाही आणि तरी चोर झाले नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या बॅचच्या निम्म्या पोरांना सायकल मिळाली नव्हती. त्यातला एक आज तहसीलमध्ये आहे. (त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते इथं नको.) अंधाराला बालपण नसतं. दिवा विझला की तो असतोच तिथं, कुठून आला विचारायचं कारण नाही.

थोरला दादा म्हणाला, "ज्ञानेश्वरांनी पण त्याला मारायला सांगितलं न्हाई हं. खळांची व्यंकटी सांडो म्हणले. वाकडेपणा सांडू दे, माणूस राहू दे." मग जरा वेळ शेजारच्या बांधाकडं बघत राहिला. "पण बांध पहिला त्यानं कोरला, ते बी खरं हाय."

भाच्याला यातलं काही रुचलं नाही. त्याचं मत पक्कं होतं : द्रोणाचार्य. अश्वत्थामा मेला असं खोटं सांगून त्याला फसवलं, म्हणून तो किलविश झाला. चुलतभावानं टाळी दिली. घ्या, मिळालं बालपण नाही तर म्हातारपण. मी हरले असं सगळ्यांनी जाहीर केलं आणि उरलेली भज्जी वाटून घेतली. वाटेनं एक अनोळखी जोडपं मोटारसायकलवर चाललं होतं, त्यांना दादानं हाक मारून बोलावलं. येळवशीला रानातून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. ते बसले, जेवले, आणि पाण्याचा तांब्या देता देता दादानं विचारलंच, "कुणापैकी म्हणायचं?"

दिवस मावळला तसा गार वारा सुटला. ज्वारी कमरेएवढी झाली होती, हरभरा घाटे धरत होता. अमावस्या असल्यामुळं आभाळात काहीच नव्हतं, बांधावरची बाभळसुद्धा दिसेना. हेंडग्याची वेळ झाली. कडब्याची पेंढी पेटवायची आणि ती घेऊन रानाभोवती फिरायचं. यंदा भाच्याचा हट्ट, मीच धरणार. दादानं पेंढी पेटवून त्याच्या हातात दिली आणि स्वतः पाण्याची घागर घेऊन मागं चालायला लागला. मी मोबाईलची बॅटरी लावली होती, ती दादानं बंद करायला लावली.

पहिल्या कोपऱ्यावर वळता वळता पोरगं ठिणग्या उडवत ओरडलं, "अंधेरा कायम रहे!"

"लेका, हातात जाळ धरून काय वरडलालास?" दादा म्हणाला.

"डायलॉग तोच हाय ना मामा."

पलीकडच्या रानातल्या अंधारातून, त्याच बांधावरून, कुणाचा तरी आवाज आला.

"कोण हाय रं तिकडं?"

भाच्यानं पेंढी उंच धरली. "किलविश!"

पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, अगदी सहज.

"कुणापैकी?"