१४ वॅटचा चोक : आमची वाटचाल

बाबांनी १९८६ साली पुण्यात तपकीर गल्लीत चोक-स्टार्टरचं दुकान टाकलं, तेव्हा आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे. वर माळ्यावर वायंडिंग चालायचं आणि व्हार्निशचा वास आमच्या शाळेच्या कपड्यांनाही यायचा. ट्यूबलाइट होत्या तोवर घर चाललं. २०१५ नंतर एलईडी इतके स्वस्त झाले की दिवाळीआधी जिथे पाय ठेवायला जागा नसे, त्या काउंटरवर बाबा दुपारभर पेपर वाचत बसू लागले. मी नऱ्ह्याला एक शेड भाड्याने घेतली आणि दिव्यांच्या पट्ट्यांची, म्हणजे फिटिंगची, दुरुस्ती सुरू केली. इथवरची कथा गल्लीतल्या कुठल्याही दुकानाची आहे.

२०१७ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या एक काकू रिक्षातून परदेशी बनावटीची पट्टी घेऊन आल्या.

“चोक गेलाय. बदलून द्या.”

“काकू, ट्यूब कसली आहे ही?”

“कासवाची.”

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि सुल्काटा जातीचं कासव आईकडे ठेवून गेला. “तो तिकडे, आणि हा इकडे माझी जास्वंद संपवतोय,” काकू म्हणाल्या. ट्यूब टी-५ म्हणजे बारीक जातीची होती, साधारण ५५ सेंटिमीटर लांब. माझ्याकडे त्या लांबीच्या ट्यूबचा चोक पडून होता. जोडला, ट्यूब पेटली, साडेतीनशे रुपये घेतले.

पाच महिन्यांनी काकू परत आल्या. कासवाच्या पाठीची कड बोटाने दाबली की दबत होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाडं कमजोर झाल्याचं सांगितलं होतं, वर दिव्याचीही चौकशी केली होती. “दिवा रोज लावते हो मी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा,” एवढंच त्या म्हणाल्या. मला बोल लावला नाही, म्हणून जास्त लागलं.

घोळ माझाच होता. टी-५ मध्ये एकाच लांबीच्या दोन जाती येतात. ५४९ मिलिमीटरमध्ये १४ वॅटची साधी आणि २४ वॅटची हाय आउटपुट. ११४९ मध्ये २८ आणि ५४. पिना सारख्या, होल्डर सारखा. ट्यूबला करंट किती द्यायचा ते चोक ठरवतो : १४ च्या साधीला साधारण १७० मिलिअँपिअर लागतो, २४ च्या हाय आउटपुटला साधारण ३००. काकूंची ट्यूब २४ वॅटची होती आणि मी १४ चा चोक बसवला होता. ती पेटली, कारण ट्यूब बिचारी मिळेल त्यावर पेटते. डोळ्याला उजेड जरा कमी वाटला असता, पण शेजारी जुनी ठेवून बघितली कुणी? कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, लागतात. ते आपल्याला दिसतच नाहीत, त्यामुळे त्यात किती घट झाली हे नजरेला कळायची सोयच नव्हती.

डॉक्टरांनी पुढे हेही सांगितलं की खाण्यात कॅल्शियम कमी पडत होतं आणि उन्हासाठी म्हणून कासवाला ठेवत ती गॅलरी काचेने बंद होती. साध्या खिडकीच्या काचेतून ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. म्हणजे सगळं पाप माझ्या चोकचं नव्हतं. काकूंचे पैसे मात्र मी परत केले आणि नवीन चोक पदरचा बसवला.

हे न दिसणारे किरण मोजायला मीटर घेतला तो २०१८ मध्ये, सोलरमीटर ६.५. तळहाताएवढा डबा. सरळ यूव्ही इंडेक्स दाखवतो, म्हणजे हवामानखात्याच्या भाषेत ऊन किती तिखट आहे ते. कस्टम ड्यूटी धरून जी रक्कम झाली ती ऐकून बाबा म्हणाले, “यापेक्षा कासव स्वस्त असेल.” होतंच.

शेडमध्ये स्लॉटेड अँगलचा एक बाक केला. वर पट्टी टांगायची, खाली मीटर सरकवायचा, १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरवर आकडा घ्यायचा. नवी ट्यूब आधी शंभर तास जाळायची, कारण सुरुवातीला ती उगाच जोरात असते. पहिल्या वर्षी हाताला लागेल ते मोजलं. रिफ्लेक्टर असलेली चांगली १२ टक्के यूव्हीबीवाली टी-५ ३० सेंटिमीटरवर ५ च्या आसपास. तीच पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवली की साडेतीनच्या खाली. जाळी इतकं खाते हे मलाही तोवर माहीत नव्हतं. जुन्या पद्धतीच्या जाड टी-८ ट्यूबला रिफ्लेक्टर नसेल तर १ गाठतानाही दम लागायचा. कासवाच्या ऊन खायच्या जागी ३ ते ५ हवा, आणि शेजारी पूर्ण सावली, म्हणजे त्याला नको तेव्हा बाजूला होता येईल.

मग आले स्वस्त कॉइलचे बल्ब. खोक्यावर मोठ्ठं ‘१०.०’. हा आकडा फार तर बल्बच्या एकूण प्रकाशात यूव्हीबीचा वाटा किती ते सांगतो, कासवाच्या पाठीवर किती पोचतं ते नाही. आम्ही मोजलेल्या एका लॉटमध्ये सहापैकी चार बल्बचा आकडा ३० सेंटिमीटरवर ०.१ ला अडकला. माल देणारा म्हणाला, “अहो, नोट धरून बघा की, कशी चमकते!” नोटेतला धागा चमकतो तो यूव्हीए या वेगळ्या किरणांनी, ३६५ नॅनोमीटरच्या आसपास. नोटा तपासायचा दिवा कासवाला लावून काय होणार? तो माल परत केला. पैसे अजून आलेले नाहीत, आणि आता येतील असं वाटतही नाही.

उलटी भीती २०२० मध्ये बघितली. करोनात निर्जंतुकीकरणाच्या पेट्या घरोघर आल्या, त्यात २५४ नॅनोमीटरची ट्यूब असते. तिचीही टी-५ मिळते. एका मुलाने फोन करून विचारलं, “दादा, ही कासवाला चालेल ना? यूव्हीच आहे.” मी आयुष्यात फोनवर इतका ओरडलो नसेन. त्या किरणांनी कासवाचे आणि त्याचेही डोळे भाजले असते.

मर्क्युरी व्हेपरचे दिवे ऊब आणि यूव्ही एकत्र देतात, छान असतात, पण व्होल्टेज दबलं की विझतात आणि गार होईपर्यंत परत पेटत नाहीत. नऱ्ह्यासारख्या भागात मी ते सुचवत नाही. यूव्हीबीचे एलईडी आता येऊ लागलेत, त्यावर मत द्यायला मला अजून दोन पावसाळे हवेत.

पावसाळा हाच आमचा सीझन. मे महिन्यात गच्चीवर दुपारी मीटर १२ च्या पुढे जातो. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. त्या उन्हात कासव ठेवलं तर ते शिजेल. पण सकाळी नऊच्या सुमारास तोच मीटर ३ ते ४ दाखवतो, फुकटात. गच्ची असलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी हेच सांगतो. बाबांना हे अजिबात पटत नाही, ते म्हणतात, “तू धंदा करतोस का प्रबोधन?” जून उजाडला, ढग आले, की तीच माणसं पट्टी घ्यायला येतात.

आज शेडमध्ये चौघं आहोत. पट्टी आम्ही स्वतः बनवतो : योग्य चोक, ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर, आणि बाजूला ट्यूब बसवल्याच्या तारखेचा स्टिकर, कारण उजेड तसाच दिसत राहतो आणि यूव्हीबी वर्षभरात उतरतं. दिवा कायम वरूनच लावायचा. कासवाच्या भुवईचा आडोसा वरच्या उन्हासाठी आहे, बाजूने आलेला प्रकाश थेट डोळ्यात जातो. मीटर आठवड्यासाठी भाड्यानेही देतो. निम्मं उत्पन्न अजून एलईडीच्या दुरुस्तीचंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

दारावर बाबांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली आहे : ‘कासव आणू नये. पट्टी आणावी.’ त्याखाली मी एक ओळ वाढवली आहे, की स्टार कासवासाठी दिवा मिळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवताच येत नाही. तरी ‘वास्तूसाठी’ ठेवलेलं आहे असं सांगत लोक येतात. सुल्काटा ही परदेशी जात, म्हणून ते पाळणाऱ्यांना आम्ही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद विचारतो. काही जण रागावून जातात.

काकूंचं कासव आता दोन्ही हातांनी उचलावं लागतं. पाठ टणक आहे, आधीच्या वर्षांचे उंचवटे तेवढे राहिलेत. कासव वाढलं की पाठ दिव्याच्या जवळ जाते आणि आकडा चढतो, हे त्यांना आता पाठ आहे. दर जूनला त्यांचा फोन येतो, “अहो, पट्टी चार बोटं वर घ्यायची का, बघून जाता?” मीटर पिशवीत टाकून मी शनिवारी सकाळी जातो. चहा झाल्याशिवाय मोजू देत नाहीत.